जपानी ठसाचित्रें, वेरूळ-अजिंठ्याचीं लेणीं व बुलढाण्याचीं देवालयें

बुलढाणें हें गांव ज्या डोंगराच्या माथ्यावर वसलें आहे, तीच रांग पश्चिमेकडे अजिंठ्याचा डोंगर म्हणून प्रसिद्ध आहे. ह्या रांगेच्या पश्चिम भागांत वाघुरेच्या वळणावर बौद्ध लेणीं आहेत. पूर्वेकडे, बुलढाणा जिल्ह्याच्या घाटावरील मुलखांत, लोणार, मेहकर, सातगांव इत्यादि स्थळीं ज्यांस आपण हेमाडपंती म्हणतों अशीं काळ्या पाषाणाचीं देवालयें व त्यांचे अवशेष आहेत. इ. स. १९३१ हें वर्ष ह्या दोन्ही भागांच्या दृष्टीनें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. त्या वर्षीं हेन्री कझिन्स यांचा दख्खनच्या मध्ययुगीन देवालयांवरील ग्रंथ भारतीय पुरातत्त्व खात्यानें प्रसिद्ध केला. त्यांत लोणारच्या दैत्यसूदनाच्या मंदिराची व जिल्ह्यांतील इतर वास्तूंची नोंद आराखड्यांसह व छायाचित्रांसह आली. त्याच वर्षाच्या आरंभीं हिरोशी योशिदा नांवाचे एक जपानी चित्रकार हिंदुस्थानांत प्रवास करीत होते. ह्या प्रवासाच्या टांचणांवरून त्यांनीं १९३१ व १९३२ ह्या दोन वर्षांत लाकडी ठशांनीं जीं चित्रें छापलीं, त्यांत अजिंठा व वेरूळ हीं दोन्ही स्थळें आहेत. मात्र बुलढाणा जिल्ह्यांतील एकही देवालय त्या मालेंत नाहीं.

जुन्या पोथ्या, सनदा व नाणीं जमविणाऱ्या आपल्या वाचकांस जपानी चित्रांचें प्रयोजन काय, अशी शंका येणें साहजिक आहे. हीं चित्रें वास्तूची कोणत्या प्रकारची साक्ष देतात, तीं पारखावीं कशीं, आणि प्रतींच्या संख्येवर वस्तूचें आयुष्य कसें अवलंबून असतें, ह्या तीन गोष्टी प्रस्तुत लेखांत सांगावयाच्या आहेत. पैकीं तिसरी गोष्ट आपल्या जिल्ह्याशीं फार जवळून संबंध ठेविते.

ठसाचित्राची रीति

कापडावर ठसा मारणारा रंगारी आपल्याकडे सर्वांच्या पाहण्यांतला आहे. लाकडाच्या ठोकळ्यावर नक्षी उठावदार ठेवून बाकीचें लाकूड कोरून काढावयाचें, उठावावर रंग लावावयाचा व ठसा उमटवावयाचा, हें त्याचें तत्त्व. जपानी ठसाचित्राचें तत्त्वही हेंच आहे; फरक इतकाच कीं, रंगारी ठसा कापडावर दाबतो व जपानी कारागीर फळी खालीं ठेवून कागद तिच्यावर दाबतो.

प्रथम चित्रकार पातळ कागदावर शाईनें रेखाचित्र काढतो. तो कागद पालथा करून चेरीच्या लाकडाच्या फळीवर चिकटवितात आणि रेषा राखून बाकीचा भाग कोरतात. ह्या कामांत मूळ रेखाचित्र नाश पावतें. कागद पालथा असल्यामुळें फळीवर आकृति उलटी बसते व छापल्यावर सुलटी होते. मूळ चित्राची डावी-उजवी बाजू छापांत कायम राहते, हें वास्तुचित्राच्या दृष्टीनें महत्त्वाचें आहे. ताम्रपटावर थेट सुलटी आकृति कोरली, तर छाप उलटा येतो व डाव्या हाताची ओवरी उजवीकडे जाते. जुनीं कोरीव चित्रें पाहतांना ही दक्षता घ्यावी लागते.

रेषांच्या फळीवरून कांहीं छाप काढून त्यांवर रंगांच्या जागा ठरवितात आणि प्रत्येक रंगासाठीं वेगळी फळी कोरतात. सर्व फळ्यांवर एका कोपऱ्यांत व एका कडेस खांचेची खूण असते. तिला केंतो म्हणतात. कागद दर वेळीं त्याच खुणेला टेकवून ठेविला म्हणजे रंग आपापल्या जागीं अचूक बसतो. रंग पाण्यांत कालवून तांदुळाच्या खळीबरोबर कुंचल्यानें फळीवर पसरतात. कागद तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेला, सरस व तुरटीचा हात दिलेला व किंचित् ओलसर असा असतो. दाबण्यास यंत्र नसतें. वेळूच्या सालपटानें मढविलेली वाटोळी गादी, जिला बारेन म्हणतात, ती कागदाच्या पाठीवर हातानें फिरवितात. फळीवरच रंग पुसट करीत नेला म्हणजे आकाश वर गडद व क्षितिजाशीं फिकें, अशी छटा मिळते. हिला बोकाशी म्हणतात. देवळाच्या शिखरामागील पहाटेचा उजेड ह्याच युक्तीनें कागदावर येतो.

पूर्वीं हें काम चौघांत वांटलेलें असे. चित्रकार आकृति काढी, कोरणारा फळ्या कोरी, छापणारा रंग चढवी आणि प्रकाशक भांडवल घालून विक्री करी. एकाच फळ्यांवरून शेंकडों छाप निघत, म्हणून ही चित्रें स्वस्त असत व सामान्य यात्रेकरूही तीं घरीं नेई.

जपानांतील देवालयें चित्रविषय म्हणून

जपानांतील देवालयें मुख्यत्वें लाकडाचीं. आग व भूकंप हे त्यांचे जुने वैरी होत. इसें येथील प्रसिद्ध देवस्थान तर दर वीस वर्षांनीं मुद्दाम नवें बांधण्याची चाल आहे. शेवटची अशी नवी बांधणी २०१३ सालीं झाली. जेथें वास्तु इतकी नश्वर, तेथें तिच्या चित्रास पुराव्याची किंमत येते.

होकुसाई (१७६०–१८४९) यानें १८३० च्या सुमारास काढलेल्या फूजी पर्वताच्या चित्रमालेंत एदो नगरांतील असाकुसाच्या होंगानजी मंदिराचें एक चित्र आहे. त्यांत मंदिराच्या छपराचा त्रिकोणी कोनच काय तो दिसतो. त्यावर कौलें चढविणारे कामगार लहान लहान दिसतात आणि दूरवर फूजीचा तसाच त्रिकोण उभा आहे. छपराचा आकार चित्रकारानें पर्वताशीं जोडी जमविण्यासाठीं फुगविला आहे, हें उघड आहे. म्हणून ह्या चित्रावरून छपराची उंची काढूं पाहणारा फसेल. परंतु कौलें कशीं रचीत, कामगार छपरावर कसे चढत, हें जाणूं इच्छिणाऱ्यास येथें पुष्कळ मिळेल.

हिरोशिगे (१७९७–१८५८) याच्या एदोच्या शंभर स्थळांच्या मालेंतील असाकुसाच्या किनर्युझान मंदिराचें चित्र ह्याहून बोधप्रद आहे. समोर वेशीचा मोठा तांबडा कंदील, मध्यें बर्फानें झांकलेली वाट व पलीकडे मंदिराचा दरवाजा आणि पांच मजली स्तूप, अशी त्याची मांडणी आहे. १८५५ च्या शेवटीं एदोंत मोठा भूकंप झाला व त्यांत ह्या स्तूपाच्या माथ्यावरील धातूचा दंड वांकला. चित्रांत तो सरळ आहे. १८५६ सालीं त्याची दुरुस्ती झाली व त्याच वर्षाच्या सातव्या महिन्यांत हें चित्र निघालें. म्हणून संशोधक त्यांत दुरुस्तीचा आनंदोत्सव पाहतात. हा अर्थ लावणें शक्य झालें तें केवळ चित्रावरील तारखेच्या शिक्क्यामुळें. त्या काळीं प्रत्येक चित्रास सरकारी तपासनिसाची संमति लागे आणि ह्या सुमारच्या शिक्क्यांत वर्षाचें बारा प्राण्यांपैकीं एक नांव व महिन्याचा अंक असे. आपल्या पोथीच्या पुष्पिकेंत संवत्सराचें नांव व मास असतो, तसाच हा प्रकार. बारांचें चक्र फिरून येत असल्यामुळें नुसत्या नांवावर वर्ष ठरत नाहीं, चित्रकाराचा काळ आधीं ठाऊक असावा लागतो. आपल्याकडे साठ संवत्सरांच्या बाबतींत हाच अनुभव येतो.

विसाव्या शतकांत कावासे हासुई (१८८३–१९५७) यांनीं हा विषय पुढें चालविला. त्यांचें १९२५ चें शिबा येथील झोजोजी मंदिराचें चित्र, बर्फांत उभी तांबडी वास्तु व छत्री सांवरणारी स्त्री, जगभर प्रसिद्ध आहे. १९४५ च्या हवाई हल्ल्यांत ह्या मंदिराचा मुख्य मंडप जळाला. १६२२ सालचा महाद्वार मात्र वांचला. असाकुसाचा जुना मुख्य मंडपही त्याच वर्षीं जळाला व पुढें १९५८ त नवा झाला. हीं चित्रें जेव्हां छापलीं गेलीं तेव्हां कोणी त्यांस पुरावा म्हणून पाहिलें नव्हतें. वास्तु गेल्यावर त्यांचें स्वरूप बदललें.

योशिदा व त्यांचीं भारतीय चित्रें

हिरोशी योशिदा यांचा जन्म १८७६ सालीं क्युशू बेटावरील कुरुमे येथें झाला. ते प्रथम जलरंग व तैलरंगाचे चित्रकार. १९२० पासून ते वातानाबे शोझाबुरो ह्या प्रकाशकासाठीं ठसाचित्रांच्या आकृति काढूं लागले. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपांत व त्यामागून लागलेल्या आगींत वातानाबे यांचें दुकान भस्म झालें व योशिदांच्या चित्रांच्या फळ्याही गेल्या. १९२५ त योशिदांनीं स्वतःची चित्रशाळा काढून प्रकाशकाची मध्यस्थी सोडली. ते कोरणारे व छापणारे पदरीं ठेवीत, स्वतः फळी हातीं घेत व प्रत्येक छापावर देखरेख करीत. सामान्य जुन्या चित्रास दहा-पंधरा वेळां छाप द्यावा लागे. योशिदांच्या चित्रांस पुष्कळदां त्याहून कितीतरी अधिक लागे. निक्को येथील योमेईमोन ह्या अत्यंत कोरीव दरवाजाच्या १९३७ च्या चित्रास तर ९६ वेळां छाप दिला आहे. १९३९ सालीं त्यांनीं आपल्या विद्येवर इंग्रजींत एक सविस्तर ग्रंथ लिहिला. १९५० त ते वारले.

१९३० च्या अखेरीस ते आपला तरुण पुत्र तोशी यास बरोबर घेऊन हिंदुस्थानांत आले. दार्जिलिंगचा हिमालय, काशीचे घाट, आग्र्याचा ताजमहाल, फत्तेपूर सिक्री, अमृतसरचें सुवर्णमंदिर, उदेपूर, सांची, अजिंठा, वेरूळ व दक्षिणेंत मदुरा अशीं स्थळें त्यांच्या चित्रांत आहेत. त्या वेळीं अजिंठा व वेरूळ हीं निजामाच्या राज्यांत होतीं व तेथील पुरातत्त्व खातें गुलाम याझदानी यांच्याकडे होतें. त्यांच्या अजिंठ्यावरील मोठ्या ग्रंथाचा पहिला भाग १९३० सालीं निघाला. सारांश, योशिदा दख्खनेंत आले तेव्हां ह्या लेण्यांचें मोजमाप व रंगीत छायाचित्रण चालू झालेलें होतें. तें काम त्यांस पुन्हां करावयाचें नव्हतें.

त्यांचें लक्ष कशाकडे होतें हें त्यांच्या पद्धतीवरून कळतें. १९२६ सालीं त्यांनीं जपानच्या अंतर्गत समुद्रांतील शिडाच्या होड्यांचें एकच चित्र रंग बदलून सकाळ, दुपार, धुकें, संध्याकाळ, रात्र अशा निरनिराळ्या वेळांचें करून दाखविलें. ताजमहालाचींही त्यांनीं सहा चित्रें केलीं. त्यांत सकाळचें धुकें आहे व रात्रही आहे. वास्तु तीच, प्रकाश निराळा. योशिदांचा खरा विषय वास्तूवर पडलेला प्रकाश हा होय.

चित्राची साक्ष कोणती घ्यावी

कझिन्स यांच्या ग्रंथांतील आराखडा व योशिदांचें चित्र हीं दोन वेगळ्या प्रकारचीं साधनें आहेत. आराखड्यावरून लोणारच्या दैत्यसूदन मंदिराचा तारकाकृति तलविन्यास कळतो, तसेंच गर्भगृह, अंतराळ व मंडप यांचें परस्परांशीं नातें कळतें. त्यावरून इतर देवालयांशीं तुलना करतां येते व काळ ठरविण्यास मदत होते. परंतु त्या मंदिराच्या बाहेरील भिंतींचे कोन असे पुन्हां पुन्हां मोडलेले कां आहेत, हें आराखड्यावरून नुसतें दिसतें, उमजत नाहीं. सकाळच्या तिरप्या उन्हांत त्या भिंतीसमोर उभें राहिलें म्हणजे एक पट्टी उजळ, दुसरी काळी, पुन्हां उजळ, अशी छायाप्रकाशाची रचना दिसूं लागते आणि स्थपतीनें कोन कां मोडले तें समजतें. मध्यान्हीं हीच भिंत सपाट भासते. जुन्या कृष्णधवल छायाचित्रांत काळा पाषाण बहुधा एकसारखा काळाच उमटतो. ठसाचित्राचें सामर्थ्य नेमकें ह्या ठिकाणीं आहे. कारण सांवलीसाठीं त्याला वेगळी फळी असते व सांवलीचा रंग कोणता ह्याचा निर्णय कोणाला तरी डोळ्यांनीं पाहून घ्यावा लागतो.

उलटपक्षीं, ठसाचित्रावर जी भिस्त ठेवूं नये तीही सांगितली पाहिजे. खांबांची संख्या, थरांची मोजदाद, शिखराची उंची, शिलालेखाची अक्षरें ह्यांसाठीं चित्राचा आधार घेणें धोक्याचें आहे. होकुसाईनें छप्पर फुगविलें तसें दुसराही कांहीं वगळतो, कांहीं सरकवितो. शिवाय रेखाचित्र चित्रकाराचें असलें तरी फळी दुसऱ्याच्या हातची असूं शकते. लेखनिकानें मूळ पोथीची नक्कल करतांना ओळ गाळावी, तसें कोरणाराही एखादें अंग गाळूं शकतो. म्हणून नियम असा करावा कीं, मापासाठीं आराखडा, अक्षरासाठीं ठसा, बारकाव्यासाठीं छायाचित्र, आणि त्या वास्तूचें त्या घटकेचें रूप कसें होतें ह्यासाठीं चित्र. एकाचें काम दुसऱ्यावर लादूं नये.

एक प्रत व अनेक प्रती

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. वेरूळ-अजिंठ्याचीं चित्रें काढणारे योशिदा हे पहिले नव्हेत. त्यांच्या पूर्वीं सुमारें दीडशें वर्षें हें काम चालू होतें, व त्याचा इतिहास बहुतांशीं आगींचा इतिहास आहे.

पेशवाईच्या उत्तरकाळीं पुण्याचा इंग्रज वकील चार्लस मॅलेट याच्या पदरीं गंगाराम तांबट नांवाचा मराठी चित्रकार होता. त्यानें वेरूळच्या लेण्यांचीं चित्रें काढलीं. त्याच सुमारास जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यास होता. त्यानेंही वेरूळचीं चित्रें काढलीं. वेल्स १७९५ त वारला, पण त्याच्या चित्रांवरून टॉमस डॅनियल यानें २४ ताम्रपटचित्रें करून १८०३ सालीं प्रसिद्ध केलीं. तीं सर्वत्र पसरलीं व वेरूळची कीर्ति युरोपभर झाली. गंगारामाचीं चित्रें छापलीं गेलीं नाहींत. तीं एकेकट्या प्रतीच्या रूपानें मॅलेटबरोबर परदेशीं गेलीं व आज अमेरिकेंत येल विद्यापीठाच्या संग्रहांत आहेत. तीं वांचलीं हें आपलें भाग्य. परंतु शंभरावर वर्षें आपल्या माणसाच्या हातचें हें काम आपल्यापैकीं कोणाच्या दृष्टीस पडलें नाहीं. दोघांच्या कीर्तींतील हें अंतर मुद्रणानें पाडलें आहे.

पुढें १८४४ सालीं मद्रास पलटणींतील अधिकारी रॉबर्ट गिल याची अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यासाठीं नेमणूक झाली. त्यानें वीस वर्षांच्या आसपास तेथें राहून मोठमोठे पट रंगविले. ते लंडनजवळ सिडनहॅम येथील काचमहालांत मांडले होते. डिसेंबर १८६६ मध्यें तेथें आग लागून बहुतेक सर्व पट जळाले. गिलनें छायाचित्रेंही घेतलीं. त्यांत लोणारचें देवालयही आहे. छायाचित्राच्या प्रती अनेक असल्यामुळें त्या टिकल्या. १८७९ त तो वारला. त्याची कबर भुसावळास आहे.

मग मुंबईच्या जमशेटजी जिजीभाई कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स व त्यांचे विद्यार्थी यांनीं १८७२ पासून १८८५ पर्यंत तेंच काम पुन्हां केलें. ते पटही लंडनला गेले व १८८५ च्या दक्षिण केन्सिंग्टनच्या आगींत त्यांपैकीं पुष्कळ नष्ट झाले. ग्रिफिथ्स यांनीं १८९६–९७ त आपल्या नकला दोन भागांत छापून काढल्या. त्या ग्रंथाच्या प्रती आजही पाहावयास मिळतात.

तिसरी पाळी जपान्यांची. १८८९ सालीं निघालेलें *कोक्का* हें कलाविषयक नियतकालिक प्राचीन चित्रांच्या उत्कृष्ट ठसाप्रतिकृति छापण्याबद्दल प्रसिद्ध होतें. त्याच्या वतीनें सावामुरा सेनतारो हे विद्वान व अराई कानपो प्रभृति चित्रकार १९१७–१८ च्या हिंवाळ्यांत अजिंठ्यास आले व त्यांनीं जपानी कागदावर नकला घेतल्या. त्या तोकियोच्या विद्यापीठांत ठेविल्या होत्या. १९२३ च्या भूकंपाच्या आगींत त्या जळाल्या. म्हणजे ज्या आगींत योशिदांच्या फळ्या गेल्या, तिनेंच अजिंठ्याच्या नकलाही नेल्या. परंतु परिणाम सारखा झाला नाहीं. योशिदांच्या फळ्या गेल्या तरी त्यांवरून निघालेले व त्यापूर्वीं विकले गेलेले छाप घरोघरीं राहिले. नकला एकच एक होत्या. त्या गेल्या त्या कायमच्या.

अराई कानपो यांच्या चरित्रांत ह्या गोष्टीचा पुढचा भागही आहे. जपानांत होर्युजी मठाच्या सुवर्णमंडपाच्या भिंतींवर सातव्या शतकाच्या अखेरीचीं चित्रें होतीं; त्यांची तुलना नेहमीं अजिंठ्याशीं होत असे. १९४० पासून त्यांच्या नकला करण्यास आरंभ झाला व एका चमूचे प्रमुख अराई होते. १९४५ त ते वारले. काम अपुरेंच होतें. २६ जानेवारी १९४९ रोजीं त्या मंडपासच आग लागली व भित्तिचित्रें करपून गेलीं. पण १९३५ त त्या भिंतींचीं पूर्ण आकाराचीं छायाचित्रें घेतलेलीं होतीं व नकलाही झालेल्या होत्या. त्यांच्या आधारानें चित्रकारांनीं भिंती पुन्हां रंगवून १९६८ पर्यंत काम पुरें केलें. जें अजिंठ्याच्या नकलांच्या बाबतींत तीनदां घडलें नाहीं, तें येथें घडलें. कारण ह्या वेळीं प्रती एकाहून अधिक होत्या.

ह्याच होर्युजींत आणखी एक जुनी साक्ष आहे. आठव्या शतकांत जपानच्या शोतोकु सम्राज्ञीनें दहा लक्ष लहान लांकडी स्तूप करवून प्रत्येकांत छापील धारणीचा एक कागद ठेवविला; हें काम ७७० सालीं पुरें झालें. दहा मठांस प्रत्येकीं एक लक्ष स्तूप वांटले. जगांतील सर्वांत जुन्या छापील लेखांत ह्या कागदांची गणना होते. आज हे स्तूप मोठ्या संख्येनें राहिले आहेत ते केवळ एका होर्युजींत. एकाच मठांत सर्व ठेविले असते व तो मठ जळाला असता, तर काय उरलें असतें?

संग्राहकांसाठीं कांहीं खुणा

योशिदांचीं अजिंठा-वेरूळचीं चित्रें बाजारांत येतात व मुंबई-पुण्याच्या जुन्या घरांतही अशीं जपानी चित्रें कधीं कधीं निघतात. त्यांची पारख करण्यास पुढील खुणा उपयोगी पडतील.

पहिली खूण डाव्या समासांत पाहावी. योशिदांनीं स्वतः छापलेल्या वा स्वतःच्या नजरेखालीं छापविलेल्या प्रतीवर तेथें जिझुरी ह्या अर्थाचा लहान शिक्का असतो. शब्दार्थ ‘स्वहस्तें छापलेलें’. त्याच समासांत चित्राचें नांव व जपानी राजशकाचें वर्ष असतें. शोवा ६ म्हणजे १९३१ व शोवा ७ म्हणजे १९३२. खालच्या समासांत इंग्रजींत पेन्सिलीनें केलेली सही व नांव असतें. चित्रकाराच्या निधनानंतर त्याच फळ्यांवरून घरच्या मंडळींनीं प्रती काढल्या. त्यांवर जिझुरीचा शिक्का नसतो व पेन्सिलीसारखी दिसणारी सही छापलेली असते. भिंग लावून पाहिल्यास हाताच्या पेन्सिलीची चकाकी व दाब निराळा ओळखूं येतो. अशी प्रत खोटी नव्हे; ती नंतरची आहे, इतकेंच. पोथीच्या बाबतींत मूळ लेखनिकाची प्रत व तिची उत्तरकालीन नक्कल ह्यांत आपण जो भेद करितों तोच येथें करावा.

दुसरी खूण कागदाच्या पाठीवर. हातानें बारेन फिरविल्यामुळें रंग कागदांत मुरलेला असतो व पाठीवरून आकृति अंधुक दिसते. यंत्रावर छापलेल्या पुस्तकी प्रतिकृतींत असें होत नाहीं. भिंगाखालीं तिच्यांत बारीक ठिपक्यांची जाळी दिसते.

तिसरी गोष्ट खुणेची नसून जपणुकीची आहे. चौकटींत बसविण्यासाठीं अशा चित्राचे समास कापूं नयेत. समास कापणें म्हणजे पोथीचें शेवटचें पान फाडून टाकणें होय. तारीख, नांव, शिक्का व सही तेथेंच असतात. चित्र उन्हाच्या भिंतीवर टांगूं नये, खळीनें पुठ्ठ्यावर चिकटवूं नये व ओलीच्या कपाटांत ठेवूं नये. खळीच्या वासानें कसर येते, हें पोथ्या सांभाळणारांस सांगावयास नको.

समारोप

दैत्यसूदनाचें मंदिर आज केंद्र सरकारच्या संरक्षणांत आहे. परंतु संरक्षित यादींत नसलेले वीरगळ, पडक्या बारवा, शेतांत आडवे पडलेले स्तंभ व गांवच्या मारुतीच्या पाराशीं ठेविलेलीं शिल्पें आपल्या जिल्ह्यांत पुष्कळ आहेत. १८८८ सालीं मेहकरास सांपडलेल्या शार्ङ्गधराच्या मूर्तीस देऊळ व पूजा मिळाली. सर्वांचें भाग्य तसें नसतें. अशा वस्तूंचें एखादें छायाचित्र, शिलालेखाचा एखादा ठसा, एखाद्या शाळामास्तरानें काढलेला एखादा आराखडा हीच पुष्कळदां त्यांची एकमेव नोंद असते, व ती कोणाच्या तरी घरच्या पेटींत असते. ती पेटी म्हणजे आपलें सिडनहॅम व आपलें तोकियो होय.

ज्यांच्याजवळ बुलढाणा जिल्ह्यांतील कोणत्याही वास्तूचें चित्र, ठसा वा टिपण असेल, त्यांनीं तें गमवावें असें मुळींच नाहीं. मूळ आपल्याजवळच ठेवावें. परंतु त्याच्या तीन तरी प्रती कराव्या व त्या तीन निरनिराळ्या गांवीं ठेवाव्या. एक संशोधन मंडळाकडे, एक जिल्ह्याच्या ग्रंथालयांत, एक त्या वास्तूच्याच गांवीं. प्रत्येक प्रतीच्या समासांत स्थळ, तिथि, घेणाराचें नांव व मूळ कोणाजवळ आहे हें लिहावें. हल्लीं प्रत काढण्यास एक घटकाही लागत नाहीं. चेरीची फळी कोरण्याचे श्रम नाहींत, कीं बारेन फिरविण्याचे नाहींत. तेव्हां जपानी कारागिरांनीं जें मोठ्या कष्टानें साधलें, तें सोपें झाल्यावर आपण टाळूं नये, एवढीच वाचकांस विनंति करून हा लेख पुरा करितों.